बारशाआधी नाव हाक मारून पाहा

मी १९८६ ते २०१९ अशी तेहतीस वर्षं सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांवर शिक्षिका होते, त्यातला बराच काळ माण तालुक्यात. रोज सकाळी हजेरी आणि दर जूनमध्ये पहिलीच्या पटावर नवी नावं. निवृत्त झाल्यापासून ओळखीतले लोक बारशाआधी चिठ्ठी घेऊन येतात किंवा फोनवर यादी पाठवतात, “बाई, यातलं कुठलं ठेवू?” मी उलट्या बाजूने सुरुवात करते. ठेवू नये ती नावं आधी खोडते, आणि राहतील त्यांतलं आईवडिलांना आवडेल ते घ्या म्हणते. चांगलं नाव कोणतं यावर प्रत्येकाची आवड वेगळी असते. पोराला जाचणारं नाव मात्र वर्गात पंधरा दिवसांत कळतं. ते बारशाआधीच कसं ओळखायचं, ते लिहिते आहे.

आधी स्वतःला विचारा: हे नाव का?

२००६ च्या जूनमध्ये माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगी आली, तीन बहिणींच्या पाठीवर झालेली. नाव होतं नकुशा. नाव पुकारलं की बाकीची मुलं “हजर बाई” म्हणून ओरडायची. ही पाटी तोंडापुढे धरायची आणि पाटीमागून हळूच “हजर” म्हणायची. नकुशा, नकुशी, नकोशी ही नावं आमच्या भागात नवी नव्हती. मुलींवर मुली झाल्या की शेवटच्या मुलीला हे नाव द्यायचं, म्हणजे पुढच्या खेपेला मुलगा होतो, अशी समजूत. मीसुद्धा ते नाव पाच वर्षं रोज सकाळी मोठ्याने वाचलं. रजिस्टरला आहे ते वाचायचं, एवढाच विचार केला. त्याची टोचणी मला अजून आहे.

ऑक्टोबर २०११ मध्ये साताऱ्यात मोठा कार्यक्रम झाला. गावोगाव शोधलेल्या अशा २८५ मुलींना नवी नावं आणि त्या नावांची प्रमाणपत्रं दिली गेली. त्याच वर्षीच्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. कितीतरी मुली जन्मालाच येऊ दिल्या नव्हत्या. आणि ज्या आल्या, त्यांतल्या या २८५ जणींना रोज हाक मारताना घर काय ऐकवत होतं, ते त्यांच्या नावातच होतं.

इथे एक फरक सांगायलाच हवा, कारण हल्लीची तरुण मंडळी दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिकू ही सगळी नावं नकुशाच्याच ओळीत बसवतात. ज्या घरात लागोपाठ लेकरं दगावली, त्या घरातली आई पुढच्याला चांगलं नाव द्यायला भ्यायची. दृष्ट लागेल, हेही जाईल. मग मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवायचं आणि ‘सापडलं’ म्हणून उचलून आणायचं. तो कचरू, केरबा. चार घरं फिरून कापड मागून आणायचं आणि त्याचं अंगडं शिवायचं, तो भिकाजी. मुलगीच आहे असं भासवायला मुलग्याचं नाक टोचायचं, तो नथू. अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात जन्मला तर धोंडिबा, आणि दगडासारखा टिकून राहावा म्हणूनही धोंडू. महर्षी कर्व्यांचं नाव धोंडो होतं. १८५८ साली जन्मले आणि १९६२ पर्यंत, एकशे चार वर्षं जगले. या नावांत भीती आहे, पण ती मूल जगावं म्हणूनची भीती आहे. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, लसी वेळेवर टोचतात, म्हणून नव्या बाळाला ही नावं ठेवायचं कारण उरलेलं नाही. पण आजोबांचं नाव धोंडिबा किंवा कचरू असेल तर ते लपवू नका. कुणीतरी त्यांच्यासाठी जीव टाकला होता, असं ते नाव सांगतं. नकुशाच्या नावात असं कुणी नव्हतं.

म्हणून माझी पहिली कसोटी ही. तिसरी-चौथीला मी मुलांना घरी विचारून यायला सांगायचे, ‘माझं नाव हेच का ठेवलं?’ दुसऱ्या दिवशी एकेक मूल उभं राहून सांगायचं, आणि सांगताना कुणाचा चेहरा फुलायचा, कुणी पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसायचं. तुमचं पोर आठ वर्षांचं होईल तेव्हा हाच प्रश्न घेऊन येईल. त्याला समोर बसवून जे कारण सांगता येणार नाही, ते नाव यादीतून काढा.

यात वरून चांगली दिसणारी नावंही अडकतात. एका घरात चौथ्या मुलीचं नाव तृप्ती ठेवलं होतं. नावात वावगं काही नाही, माझ्या कितीतरी तृप्ती हुशार निघाल्या. पण त्या घरात बारशापासून हसत हसत सांगितलं जायचं, “आता पुरे झालं, म्हणून तृप्ती.” पाहुण्यांसमोर सांगायचे, तिच्यासमोर सांगायचे. पोरीने चौथीत वर्गात तेच वाक्य जसंच्या तसं सांगितलं. नाव बदलायची तिथे गरज नव्हती, गोष्ट बदलायची होती. मी तिच्या आईला बोलावून तेवढंच सांगितलं.

आणि गेलेल्या माणसाचं नाव. आजोबा भरल्या घरात, नातवंडं बघून गेले, त्यांचं नाव नातवाला ठेवलं तर मला आनंदच वाटतो. अवेळी गेलेल्याचं ठेवू नका. माझ्या एका विद्यार्थ्याचा काका विशीत विहिरीत बुडून गेला होता. त्या काकाच्या धाकट्या भावाला हा मुलगा झाला, आजीने हट्ट धरला, काकाचंच नाव ठेवलं. आजी त्याला हाक मारायची आणि हाक पुरी होईपर्यंत तिचे डोळे भरून यायचे. सहल धरणावर असली की हा घरीच. चौथीत ‘मी’ या विषयावर पाच ओळी लिहायला सांगितल्या तेव्हा त्याने पहिली ओळ लिहिली, ‘मी काकांच्या जागी आलो आहे.’ मी ती वही कितीतरी वेळ हातात धरून बसले होते. कुणाची आठवण ठेवायची तर त्याच्या नावाने झाड लावा, गावच्या शाळेला पुस्तकं द्या. बाळाला त्याचं स्वतःचं नाव असू दे.

मागच्या दारात उभं राहून हाक मारा

बारशाला आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, कुर्रर्र करते, सगळ्या बाया हसतात, घुगऱ्या वाटल्या जातात. पण कानात सांगितलेलं नाव पुढे आयुष्यभर मोठ्याने घेतलं जातं. म्हणून बारशाच्या आठवडाभर आधी मागच्या दारात किंवा गॅलरीत उभं राहून, पोर लांब खेळतंय असं समजून, खरोखर ओरडून हाक मारा. दहा वेळा. यज्ञ, शौर्य, रुद्र अशी जोडाक्षरावर संपणारी दोन अक्षरी नावं कानाला भारदस्त लागतात, पण लांब हाकेत त्यांना ओढायला जागा मिळत नाही. मैदानावर मी ती मारली आहे, तिसऱ्या हाकेला नुसता ‘शौ’ पोचतो. एवढ्यासाठी नाव टाकून द्या असं म्हणत नाही, पण आधी घसा ताणून तर बघा.

मराठीत हाक मारताना नाव आहे तसं राहत नाही, हे मुंबई-पुण्यात वाढलेली आईवडील विसरतात. विनायकचा विन्या, गोविंदचा गोंद्या, गणेशचा गण्या, सुनीताची सुनी. “आम्ही पूर्ण नावानेच हाक मारणार” असं घरात ठरवून काही होत नाही, कारण पोरं पहिल्याच दिवशी स्वतःचं रूप काढतात. ते मायेचं रूप आहे, अडवूही नये. फक्त ते आधी काढून बघावं. पद्माकरचा पद्या झाला की पुढचा काना पोरं घालतातच. रिद्धीची मधल्या सुट्टीपर्यंत रद्दी होते. भूषणचा भुश्या आणि त्याचा भुसा. वेदा म्हणजे किती छान नाव, पण द च्या जागी ड आला की काय होतं ते पहिलीच्या पोरांनाही कळतं.

याला एक खात्रीचा उपाय आहे. शेजारची तिसरी-चौथीतली चार पोरं बोलवा, हातावर चिक्की ठेवा आणि विचारा, “या नावाचा मुलगा तुमच्या वर्गात आला तर त्याला काय म्हणून चिडवाल?” पाच मिनिटांत सगळं बाहेर येतं. काहीतरी निघणारच, त्याने घाबरू नका. नुसतं यमक जुळत असेल तर सोडून द्या. अंगावर, रंगावर, घाणीवर किंवा जातीवर जाणारं काही निघालं, तर ते नाव खोडा. यमकाचा कंटाळा येतो आणि पोरं ते विसरतात. दुसऱ्या प्रकारचं चिडवणं दहावीपर्यंत पाठ सोडत नाही.

आडनावाशी जोडून बघायलाही विसरू नका. आडनाव वाकडे असेल तर ऋजुता नको, कारण ऋजुता म्हणजे सरळपणा. आडनाव कडू असेल तर मधुरा नको. आडनाव काळे किंवा गोरे असेल तर श्यामल, गौरी, शुभ्रा, धवल अशी रंगाची नावं टाळा. आपल्याकडे मुलींच्या रंगावरून आधीच किती बोललं जातं. त्यात रोजच्या हजेरीची भर नको.

नाव ऐकून तिघांना लिहायला लावा

हे काम एका दुपारात होतं आणि पुढची वीस वर्षं वाचतात. मनात ठरलेलं नाव तिघांना फोनवर सांगा. एक गावाकडचे आजोबा, एक कॉलेजची मुलगी, एक सरकारी कचेरीत काम करणारं कुणी. तिघांना ते मराठीत आणि इंग्रजीत लिहून फोटो पाठवायला सांगा. तिघांचं जुळलं तर नाव सोपं. मराठीतच तीन तऱ्हा निघाल्या तर समजा की जन्मदाखला, आधार, शाळेचं जनरल रजिस्टर आणि दहावीचं प्रमाणपत्र या चार ठिकाणी नाव चार तऱ्हांनी उमटणार आहे. श्रेयस की श्रेयश, ऋतुजा की रुतुजा, मृण्मयी की मृणमयी, हे घोळ मी दाखले लिहिताना वर्षानुवर्षं निस्तरले.

ज्ञ आणि ळ या दोन अक्षरांवर थोडं थांबते. ज्ञानेश्वरी, प्रज्ञा, यज्ञेश. आपण ज्ञ चा उच्चार ‘द्न्य’ करतो आणि रोमन लिपीत डी-एन-वाय असं लिहितो; हिंदी भागातला माणूस ते वाचताना अडतो, कारण त्याच्याकडे त्याच अक्षराचा उच्चार ‘ग्य’ आहे. ळ चं दुखणं वेगळं. गोपाळ, बाळकृष्ण, कमळ ही नावं इंग्रजीत लिहिली की ळ चा एल होतो, आणि संगणक ती परत मराठीत आणतो तेव्हा गोपालच हाती येतो. मग वडिलांच्या दाखल्यावर गोपाळ, मुलाच्या आधारवर वडिलांचं नाव गोपाल, आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला हरकत. तरीही ळ आणि ज्ञ ची नावं ठेवू नका असं मी कधीच सांगणार नाही. ती आपली अक्षरं आहेत, आपणच सोडली तर कोण ठेवणार? ठेवा, फक्त पहिल्या कागदापासून स्पेलिंग एकच धरा आणि ते घरात लिहून ठेवा.

आता नावाला चार कप्पे आहेत हेही ध्यानात घ्या. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं आहे. मला हा निर्णय फार आवडला. आईचं नाव रजिस्टरच्या कोपऱ्यातल्या रकान्यातून मुलाच्या नावाशेजारी आलं. पण त्यामुळे चारही एकत्र म्हणून बघावे लागतात. आईचं नाव भाग्यलक्ष्मी, वडिलांचं ज्ञानेश्वर, आडनाव पाच अक्षरी आणि मुलीचं सौदामिनी, असं झालं तर कुठल्याच फॉर्मच्या चौकटीत ते मावायचं नाही. कप्पे मोठे असतील तिथे मुलाचं नाव दोन-तीन अक्षरांत आटपलेलं बरं. चारही आद्याक्षरं इंग्रजीत ओळीने मांडून बघा, त्यांचा काही वाईट शब्द होत नाही ना.

घरात हाक मारायचं नाव कागदावर जाऊ देऊ नका. बेबी, बाळू, छकुली, सोन्या. दवाखान्यात, अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या कार्डावर घाईत काहीतरी सांगितलं जातं, आणि तेच पुढे शाळेत येतं. पन्नाशीतल्या कितीतरी बेबीताई मी पालकसभेत पाहिल्या, ज्यांना बँकेत स्वतःचं नाव सांगताना संकोच वाटायचा.

पत्रिकेतलं अक्षर

सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी एकशे आठ अक्षरं पंचांगात दिलेली असतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. तोपर्यंत ठीक. पण आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला ङ येतो, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. या अक्षरांवर मराठीत नाव सुरूच होत नाही. मग लोक काहीतरी ओढूनताणून घडवतात आणि ते पोर आयुष्यभर नाव सांगून झाल्यावर पुन्हा एकदा सांगत बसतं. आपल्या जुन्या माणसांनी याची वाट काढून ठेवली आहे. नावरस नाव, म्हणजे नक्षत्राच्या अक्षरावरचं नाव, पत्रिकेत लिहायचं, व्यवहारातलं नाव वेगळं ठेवायचं. माझ्या सासूबाई देवधर्माचं सगळं कडक पाळायच्या, पण माझ्या मुलाच्या वेळी त्यांनीच सांगितलं, “अक्षर पत्रिकेला दे, नाव पोराला दे.” अक्षर जमत असेल तर घ्या, जमत नसेल तर सासू-सुनेत त्यावरून वाद घालू नका.

अर्थ कोशात बघा

मोबाइलवरच्या नावांच्या याद्यांवर माझा विश्वास नाही. तिथे निम्म्या नावांचा अर्थ ‘विष्णूचा अंश’, ‘सूर्याचा पहिला किरण’ किंवा ‘देवी लक्ष्मी’ असा दिलेला असतो. शिवांश समजतो, शिव अधिक अंश. पण एक आई रेयांश घेऊन आली, अर्थ विष्णूचा अंश म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून आपट्यांचा संस्कृत कोश उघडला, मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. ‘रेय’चा विष्णूशी कुठेच संबंध लागला नाही. मी तिला म्हटलं, ध्वनी आवडला म्हणून ठेव, काही बिघडत नाही. पण मुलाला खोटा अर्थ सांगू नकोस, तो एक दिवस स्वतः शोधेल.

ऱ्हस्व-दीर्घ बघा. अमिषा आणि आमिषा यांत एका कान्याचा फरक. मिष म्हणजे बहाणा, म्हणून अमिषा म्हणजे निष्कपट असा अर्थ घेऊन नाव ठेवतात. आणि आमिष म्हणजे काय ते गळाला गांडूळ लावणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा. एवढ्याशा काठीवर मुलीच्या नावाचा अर्थ टांगू नये, असं मला वाटतं.

पुराणातल्या नावांचं मात्र नीट तपासून बघायला हवं, कारण तिथे ठोकताळा चालत नाही. मंथरा, शकुनी, शूर्पणखा, दुर्योधन ही नावं कुणी ठेवत नाही, ठेवूही नये. ती ऐकताक्षणी गोष्टच डोळ्यांपुढे येते. पण सोलापूर, धाराशिव, बीडकडे बिभीषण हे नाव सर्रास आहे. बाकीकडे ‘घरभेदी’ म्हणून जो टाळला जातो, तोच तिथे रामाचा भक्त म्हणून प्रेमाने ठेवला जातो. द्रौपदीच्या वाट्याला किती भोग आले, तरी आमच्या गावांत दुरपदा घरोघर होत्या. आणि अहिल्या. शापाने शिळा झालेल्या बाईचं नाव. पण १७२५ मध्ये चौंडीत जन्मलेल्या एका मुलीने माळव्याचा कारभार असा चालवला की आज ते नाव ऐकून शिळा कुणालाच आठवत नाही, घाट आणि विहिरी आठवतात. तेव्हा नुसतं पुस्तक बघू नका. तुमच्या गावात, तुमच्या भावकीत ते नाव घेतल्यावर लोकांच्या मनात आधी काय येतं, ते विचारा. हे काम घरातली सगळ्यात म्हातारी बाई उत्तम करते.

वेगळं नाव हवंच का?

हल्ली सगळ्यांना ‘कुणाचंच नसेल असं’ नाव हवं असतं, आणि शोधता शोधता सगळे एकाच ठिकाणी पोचतात. माझ्या शेवटच्या काही वर्षांत पटावर आरोही, आराध्या, आर्या, आरव, आरुष असे आ वरून एवढे जमले की हजेरी घेताना दोघं एकदम उठायची. त्याने पोरांचं काही बिघडत नाही. नव्वदच्या दशकात शिकवताना वर्गात तीन-तीन सचिन असायचे आणि तिघं खुशीत असायचे.

या बाबतीत मला शहाणं केलं त्या नकुशानेच. २०११ मध्ये नाव बदलायचं ठरलं तेव्हा ती सहावीत होती. शाळा सुटल्यावर मी तिला थांबवलं आणि कागदावर चार नावं लिहून पुढे ठेवली. चारही निवडक, अर्थपूर्ण, पंचक्रोशीत कुणाची नसतील अशी. तिने कागद वाचला, घडी केली आणि विचारलं, “बाई, पूजा चालंल का?” मी म्हटलं, अगं, वर्गात तीन पूजा आहेत, तू चौथी होशील. ती म्हणाली, “म्हणूनच.”

तेव्हापासून मी कुठल्याही आईला ‘हे फार कॉमन आहे’ म्हणून नाव खोडायला सांगितलेलं नाही. सगळ्यांसारखं असणं हीसुद्धा एका मुलीची मोठी इच्छा असू शकते. एकाच वाड्यात, एकाच भावकीत, त्याच आडनावाचं तेच नाव असेल तर टाळा, कारण टपाल आणि सातबारा दोन्हींचा घोटाळा होतो. एवढं पुरे.

परदेशात असणाऱ्यांसाठी थोडंच. माझे काही विद्यार्थी तिकडे स्थायिक झाले आहेत, ते विचारतात. क्षितिज, हर्षित, रक्षिता, अक्षिता ही नावं रोमन लिपीत लिहिली की त्यांच्या पोटात इंग्रजीतली एक शिवी बसते. मूल तिथल्याच शाळेत जाणार असेल तर ही नावं मी टाळायला सांगते. पण तिथल्या लोकांना उच्चार जमत नाही एवढ्यासाठी मराठी नाव सोडू नका. शिक्षकाचं काम नाव शिकणं हे आहे. मी वडार वस्तीवरच्या, पारध्यांच्या पालावरच्या मुलांची नावं शिकले, त्यांच्या शिक्षकांनाही शिकू दे.

कागदाची घाई करू नका, आणि चुकलं असेल तर

जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या नोंदीत बाळाचं नाव असायलाच हवं असं नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवून नोंद होते, आणि बारा महिन्यांच्या आत नाव घालायला फी लागत नाही. त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नाव घालता येतं. म्हणून दवाखान्यात नर्सने विचारलं की घाईघाईने काहीतरी सांगू नका. घालणं सोपं आहे; एकदा घातलेलं बदलणं फार अवघड. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखलाच मूळ पुरावा म्हणून लागणार आहे, त्यामुळे त्यावरचं नाव पक्कं हवं. पण बारा महिने मिळतात म्हणून वाट बघतही बसू नका; बारसं झालं, हाक मारून झाली, तिघांकडून लिहून झालं की त्याच महिन्यात ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जा.

नाव आधीच ठेवलं आहे आणि पोराला जाचतं आहे, असं असेल तर मूल शाळेत असतानाच हालचाल करा. मुख्याध्यापकांना भेटा, ते अर्ज पुढे पाठवतात. एकदा शाळा सोडल्याचा दाखला हातात पडला की रजिस्टरमधलं नाव हलवणं कठीण. मोठेपणी नाव बदलायचं तर शासनाच्या राजपत्रात प्रसिद्ध करावं लागतं आणि मग एकेक कागद त्याप्रमाणे करून घ्यावा लागतो. होतं, पण वर्ष-दीड वर्ष हेलपाटे घालावे लागतात. आणि हे करताना नवं नाव मुलाला विचारा. सहा-सात वर्षांच्या मुलालाही सांगता येतं.

दाखला हातात मिळाला की खिडकीपासून हलू नका. तिथेच उभं राहून बाळाचं नाव, आईचं, वडिलांचं, आडनाव, मराठीतलं आणि इंग्रजीतलं, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार. घरी लिहून ठेवलेलं स्पेलिंग सोबत न्या आणि ताडून बघा. चूक दिसली तर मागे रांग असली तरी तिथल्या तिथे सांगा, आणि दुरुस्त प्रत हातात येईपर्यंत ती मूळ प्रत कुठेही लावू नका.